विश्लेषण : योनिमार्गातील ‘राखणदार’ जिवाणू कमी झाले की लैंगिक आजारांचा धोका का वाढतो?

अंगावरून पांढरे जाते, वास येतो, जळजळ होते. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवली, उपनगरातील महिलेला या तक्रारीवर पहिला सल्ला मिळतो तो बहुधा शेजारणीकडून आणि दुसरा मेडिकलवाल्याकडून. डॉक्टरचा क्रमांक त्यानंतर, आणि अनेकदा तो लागतच नाही. ‘बायकांचे हे चालायचेच’ असे म्हणून विषय संपतो. मात्र गेल्या दीड-दोन दशकांतील संशोधन वेगळेच सांगते. योनिमार्गात कोणत्या जातीचे जिवाणू वस्तीला आहेत, यावर क्लॅमिडिया, परमा, एचपीव्ही आणि एचआयव्ही यांच्या संसर्गाचा धोका बऱ्याच अंशी अवलंबून असतो. हे जिवाणू नेमके करतात काय, त्यांचा तोल कशाने बिघडतो आणि गोळ्या घेऊनही त्रास परत का येतो, याचा हा आढावा.

योनिमार्गात जिवाणू असणे चांगले की वाईट?

चांगले. किंबहुना ते नसतील तर चिंता करावी. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच निरोगी योनिमार्गात आम्ल तयार करणारे काडीच्या आकाराचे जिवाणू असतात, हे नोंदवून ठेवले होते. हे जिवाणू लॅक्टोबॅसिलस कुळातील. दूध विरजून दही करणाऱ्या जिवाणूंचे ते भाऊबंद.

मुलगी वयात आली की इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन हा पिष्टमय पदार्थ साठू लागतो. त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या शर्करेवर लॅक्टोबॅसिलस जगतात आणि मोबदल्यात लॅक्टिक आम्ल देतात. त्यामुळे तेथील सामू, म्हणजे पीएच, साधारण ३.५ ते ४.५ इतका राहतो. दह्याइतका, कधी त्याहूनही आंबट. या आंबटपणात बहुतेक उपद्रवी जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत, काही विषाणूही निष्प्रभ होतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, ग्लायकोजेन कमी होते आणि हे संरक्षणही ओसरते.

सगळे लॅक्टोबॅसिलस मात्र सारखे नाहीत. अमेरिकेत ३९६ महिलांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी करणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात योनिमार्गातील जिवाणूंच्या वस्तीचे पाच प्रकार आढळले. चार प्रकारांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचे वर्चस्व होते, पाचव्यात अनेक जातींची सरमिसळ. यातील ‘क्रिस्पॅटस’ ही जात सर्वांत भरवशाची मानली जाते, कारण ती लॅक्टिक आम्लाची दोन्ही रूपे तयार करते. ‘आयनर्स’ ही जात कुंपणावर बसलेली. ती निरोगी महिलांत असते आणि तोल ढळलेल्या महिलांतही असते. वारे फिरले की तीही फिरते.

याच अभ्यासातील एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व नसलेल्या महिलांचे प्रमाण गोऱ्या महिलांत सुमारे १० टक्के, आशियाई वंशाच्या महिलांत सुमारे २० टक्के, तर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक महिलांत ४० टक्क्यांच्या आसपास होते. यातील अनेकींना कोणताही त्रास नव्हता. त्यामुळे ‘सामान्य’ कशाला म्हणायचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

तोल बिघडतो म्हणजे काय होते?

लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंची गर्दी होते. गार्डनेरेला, प्रिव्होटेला ही त्यातील प्रमुख नावे. या अवस्थेला बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजेच बीव्ही म्हणतात. एखादा परका जंतू बाहेरून शिरला आणि आजार झाला, असे हे सरळ प्रकरण नाही. घरातलाच कारभार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला, असे त्याचे स्वरूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रजननक्षम वयातील २३ ते २९ टक्के महिलांमध्ये बीव्ही आढळतो.

पातळ, करडसर-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास ही त्याची ओळख. संबंधानंतर वा पाळीच्या दिवसांत वास वाढतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही आम्ल नसतात. खाज आणि दह्यासारखा गुठळ्यांचा स्राव असेल तर बहुधा तो कँडिडा या बुरशीचा संसर्ग असतो. ट्रायकोमोनासमध्ये फेसाळ, पिवळट-हिरवा स्राव दिसू शकतो आणि हा मात्र लैंगिक संबंधातून पसरणारा आजार आहे. तिन्हींची औषधे वेगवेगळी आहेत. ‘मागच्या वेळी लागू पडली तीच गोळी द्या’ हे म्हणूनच धोक्याचे.

खरी अडचण पुढे आहे. बीव्ही असलेल्या निम्म्या वा त्याहून अधिक महिलांना कोणतेही लक्षण जाणवत नाही.

मग लैंगिक आजारांचा धोका वाढतो तो कसा?

वाटा अनेक आहेत. आम्ल कमी झाल्याने पहिली तटबंदी ढासळते. बीव्हीतील काही जिवाणू सियालिडेज नावाचे विकर सोडतात आणि ते गर्भाशयाच्या मुखाचे रक्षण करणारा चिकट श्लेष्माचा थर कुरतडते. प्रिव्होटेलासारख्या जिवाणूंमुळे अस्तरात दाह होतो. दाह झाला की शरीराच्या संरक्षक पेशी तेथे गोळा होतात. आणि एचआयव्हीला नेमक्या याच सीडी-४ पेशी हव्या असतात. चोराला अडवायला धावलेल्या शिपायांनाच चोराने पकडावे, तसा हा प्रकार.

क्लॅमिडियाची गोष्ट याहून नवलाची. क्लॅमिडियाचा जंतू पेशीत शिरला की शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा पुरवठा तोडते. त्यावाचून हा जंतू वाढू शकत नाही, त्याची उपासमार होते. पण जननमार्गात राहणाऱ्या क्लॅमिडियाच्या प्रकारांकडे इंडोल या रसायनापासून ट्रिप्टोफॅन बनवण्याची सोय आहे. हे इंडोल त्याला पुरवतात बीव्हीतील काही जिवाणू. म्हणजे शरीराने रसद तोडायची आणि शेजाऱ्याने मागच्या दाराने शिधा पोहोचवायचा.

आकडे काय सांगतात? अमेरिकेतील ३,६२० महिलांच्या पाहणीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, बीव्ही असलेल्या महिलांना पुढे परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या २००८ च्या विश्लेषणात एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळला. दक्षिण आफ्रिकेत डरबनजवळच्या उमलाझी वस्तीतील तरुणींवरील संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लॅक्टोबॅसिलस कमी आणि इतर जिवाणूंची सरमिसळ असलेल्या तरुणींत हा धोका चौपटीहून अधिक होता. आफ्रिकेतील एचआयव्हीबाधित महिलांच्या आणखी एका अभ्यासात बीव्ही असताना पुरुष जोडीदाराला संसर्ग होण्याची शक्यता तिप्पट दिसली. म्हणजे हा प्रश्न केवळ बाईचा नाही.

प्रतिबंधक औषधावरही या जिवाणूंचा परिणाम होतो. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही रोखण्यासाठी टेनोफोव्हिर या औषधाचे योनिमार्गात लावायचे जेल तपासले गेले होते. त्या चाचणीतील नमुने पुन्हा तपासले तेव्हा लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व असलेल्या महिलांत जेलची परिणामकारकता ६१ टक्के, तर इतरांत अवघी १८ टक्के भरली. गार्डनेरेला हे औषधच फस्त करत होता. तोंडाने घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत मात्र असा फरक आढळलेला नाही.

महाराष्ट्रातील चित्र काय आहे?

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक गडचिरोलीतील आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० महिलांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ९२ टक्के महिलांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यातील सुमारे निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. पूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झाली होती ती केवळ आठ टक्के महिलांची. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा समज तेव्हाच खोटा ठरला, कारण तपासलेल्यांपैकी ४५ टक्के महिलांची काहीच तक्रार नव्हती.

दुसरा अभ्यास पुण्याचा, आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या महिलांची माहिती १९९७ मध्ये मांडली. यातील ३९१ महिला देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक विवाहित होत्या आणि बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार होता, तो म्हणजे नवरा. त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. जिवाणूंचा तोल बिघडला की दार किलकिले होते, हे खरे. पण संसर्ग घरात कोण आणतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बाईच्या जिवाणूंत शोधून मिळणार नाही.

मुंबईत परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्था आणि केईएम रुग्णालय यांच्या संशोधकांनी या विषयावर काम केले आहे. डॉ. क्लारा अरान्हा आणि सहकाऱ्यांनी संसर्गाचे कोणतेही लक्षण नसलेल्या महिलांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांच्यातही जिवाणूंचा तोल ढळलेला आढळला. गडचिरोलीत डोळ्यांनी आणि सूक्ष्मदर्शकाने जे दिसले, तेच शहरात जनुकीय तपासणीतून पुन्हा पुढे आले.

याची उलटी बाजूही मुंबईनेच दाखवली आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘रिश्ता’ नावाचा एक संशोधन प्रकल्प ईशान्य मुंबईतील गरीब वस्त्यांत चालला. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठ त्यात सहभागी होते. ‘सफेद पानी’ची तक्रार घेऊन येणाऱ्या महिलांच्या बोलण्यात अशक्तपणा, ‘टेन्शन’, नवऱ्याचे वागणे, घरातील ओढाताण यांचा उल्लेख वारंवार येत होता. अनेकदा तक्रार मोठी असे, पण त्यामागे संसर्ग सापडत नसे.

म्हणजे एकीकडे तोल बिघडलेला असूनही तक्रार नसलेल्या महिला आणि दुसरीकडे तक्रार असूनही संसर्ग नसलेल्या. केवळ लक्षणे ऐकून गोळ्या देणारी पद्धत या दोघींनाही न्याय देत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात स्रावाच्या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचे किट ठरवलेले आहे. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे बीव्ही, ट्रायकोमोनास आणि बुरशी या तिन्हींवरचा एकत्रित इलाज असतो. क्लॅमिडिया आणि परम्यासाठीचे करड्या रंगाचे किट वेगळे. प्रयोगशाळा नसेल तेथे ही सोय मोलाची आहे. पण मुंबईसारख्या शहरात, जेथे सूक्ष्मदर्शक आणि पीएच तपासायची पट्टी सहज मिळू शकते, तेथे अंदाजावर थांबण्याचे कारण नाही.

प्रतिजैविके घेतली की धोका टळतो का?

असे वाटणे साहजिक आहे. बीव्हीमुळे धोका वाढतो, तर बीव्ही बरा करा, धोका कमी होईल. अमेरिकेत लक्षणे नसलेल्या १,३७० तरुणींवर हा प्रयोग झाला. त्यांना घरपोच तपासणी आणि मेट्रोनिडाझोल देण्यात आले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार वर्षभरात क्लॅमिडिया आणि परम्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

यातून दोन गोष्टी संभवतात. एक, बीव्ही आणि लैंगिक आजार यांच्यामागे काही प्रमाणात समान कारणे असावीत, उदाहरणार्थ कंडोम न वापरणे. दुसरी अधिक महत्त्वाची. प्रतिजैविक उपद्रवी जिवाणू मारते, पण त्यांच्या जागी ‘क्रिस्पॅटस’ आपोआप येऊन बसत नाही. बहुतेक वेळा कुंपणावरची ‘आयनर्स’ येते आणि काही महिन्यांत सारे पुन्हा पूर्ववत. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक महिलांना बीव्ही परत झाल्याचे ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसले आहे. ‘गोळ्या घेऊन कंटाळले’ असे सांगणाऱ्या महिलेची तक्रार खोटी नसते.

म्हणूनच संशोधकांचा भर आता चांगले जिवाणू पुन्हा रुजवण्यावर आहे. ‘लॅक्टिन-व्ही’ या नावाने क्रिस्पॅटसची एक जात पूड स्वरूपात योनिमार्गात देण्याची चाचणी अमेरिकेत २२८ महिलांवर झाली. २०२० च्या निष्कर्षांनुसार प्रतिजैविकानंतर ही पूड घेतलेल्यांपैकी ३० टक्के महिलांना १२ आठवड्यांत बीव्ही परत झाला. नुसती दिखाऊ पूड घेतलेल्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते. फायदा आहे, पण अचाट नाही.

नवऱ्यालाही औषध द्यावे लागेल?

वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांचे उत्तर ‘नाही’ असे होते. पुरुषाला नुसत्या गोळ्या देऊन केलेल्या जुन्या चाचण्या फसल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचणी प्रसिद्ध झाली आणि हे उत्तर बदलले. एकनिष्ठ नात्यातील १६४ जोडपी त्यात होती. एका गटात फक्त स्त्रीवर उपचार झाले. दुसऱ्या गटात पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावण्यासाठी क्लिंडामायसिनचे मलम देण्यात आले. १२ आठवड्यांत बीव्ही परतण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

पुरुषाच्या कातडीवर, विशेषतः लिंगाच्या अग्रत्वचेखाली हे जिवाणू राहतात आणि उपचार घेतलेल्या स्त्रीला पुन्हा मिळतात, असा याचा अर्थ. पुरुषाला त्रास काहीच होत नाही. त्यामुळे दवाखान्यात येण्याची गरजही त्याला वाटत नाही.

चाळीत काय किंवा टॉवरमध्ये काय, हा निष्कर्ष घरी सांगणे सोपे नाही. ‘बायकोला इन्फेक्शन झाले’ म्हटल्यावर पहिला संशय तिच्यावरच येतो. बीव्ही हा कुणाच्या चारित्र्याचा पुरावा नाही. क्लॅमिडियादेखील काहीही लक्षण न दाखवता महिनोन्महिने शरीरात राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून आला हे तपासणीच्या अहवालावरून ठरवता येत नाही.

दही, प्रोबायोटिक, ‘इंटिमेट वॉश’ यांचा उपयोग होतो का?

खाण्यातले दही पोटाला चांगले, पण त्यातील जिवाणू योनिमार्गातील क्रिस्पॅटस नव्हेत. दही आत लावण्याचा घरगुती उपाय तर करूच नये. बाजारातील प्रोबायोटिक गोळ्यांचा बीव्हीवर खात्रीलायक फायदा सिद्ध झालेला नाही.

धुण्याबाबत उलट सावध राहावे लागते. साबण, अँटिसेप्टिक द्राव किंवा सुगंधी वॉशने आतून धुतल्यास राखणदार जिवाणूच वाहून जातात आणि बीव्हीची शक्यता वाढते. वास येतो म्हणून धुवायचे, धुतले म्हणून तोल बिघडायचा आणि तोल बिघडला म्हणून पुन्हा वास, असे हे चक्र आहे. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. कंडोममुळे बीव्ही आणि लैंगिक आजार दोन्हींचा धोका कमी होतो. दुसऱ्या एखाद्या दुखण्यासाठी मनाने घेतलेली प्रतिजैविकेही हा तोल बिघडवू शकतात.

तपासणी कोठे आणि कधी करावी?

वास वा रंग बदललेला स्राव, ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त जाणे, वारंवार परतणारा त्रास, यांपैकी काहीही असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. गरोदर महिलेने तर थांबूच नये, कारण बीव्हीचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशीही आढळला आहे. बीव्हीचे निदान खर्चीक नाही. पीएच पट्टी आणि काचपट्टीवरील नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे यांवर ते होते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या महागड्या ‘मायक्रोबायोम टेस्ट’ची त्यासाठी गरज नसते. मात्र स्राव तपासताना एचआयव्ही, सिफिलिस आणि शक्य असल्यास क्लॅमिडिया-परम्याची चाचणीही मागावी, कारण ते बीव्हीच्या आड लपलेले असू शकतात.

घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी या उपनगरांतील पालिका रुग्णालयांत स्त्रीरोग विभागाची ओपीडी असते. लैंगिक आजारांवरील मोफत सल्ला आणि उपचारांसाठी सरकारी व्यवस्थेत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. जवळचे केंद्र कोणते हे विचारण्यासाठी १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन नि:शुल्क उपलब्ध आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.